मोहाखालचा पाचोळा

२ मार्च १९८६, रविवार
आज एदेन बागेवर बोललो. माणसाला बागेत ठेवलं ते राखणीला, मालकीला नव्हे. प्रवचन जुनंच, वहीतलं. पोंभुर्ण्याकडच्या या मंडळीपुढे तिसऱ्यांदा तरी असेल. कुणाच्या लक्षात आलं नाही. उपासनामंदिराच्या दारात सोनाबाईनं अडवलं. विधवा, पन्नाशीची, डोंगराच्या पायथ्याशी दोन मोहाची झाडं, त्यावर पोट. "पाळकसाहेब, फुलं वेचाले आमी मोहाखाली आगी लावतो. ते राखन होते का जी?"
म्हटलं, नाही होत. घरी येऊन जेवलो. विसरलो.

९ मार्च
बाईनं मनावर घेतलंय! सगळं गाव मोहाखालचा पाचोळा जाळतं, म्हणजे साफ जमिनीवर पडलेली फुलं दिसतात. आग डोंगरात शिरली तर शिरली. ही मात्र पहाटेपासून खराट्यानं झाडते. बाया हसतात. मी पाहायला गेलो.
"हात दुखत असतील."
"दुखते ना. पन हे पाहा." पाचोळ्याखाली चारोळीची सहा रोपं, वीतभर. "दर साली जाळून राह्यली होती मी यायले. कधी दिसलीच नाई."
सहाही रोपांना तिनं काट्यांचं कुंपण केलंय. सतरा वर्षं प्रवचनं देतोय. त्यातलं एक कुणी उचलून कामाला लावलेलं आज प्रथम पाहिलं. ऊर भरून आला, थोडी लाजही वाटली.

१८ मार्च
रोज सकाळी तिकडेच फिरायला जातो. झाडलेला पाला ती खड्ड्यात टाकते, धानाच्या तुकड्याभर शेतासाठी खत. हे तिला कुणी शिकवलं नाही. सु. म्हणते, स्वतःच्या बायकोला इतकं न्याहाळलं असतं तर! खरं आहे. पण या बाईकडे पाहिलं की माझाच विश्वास ताजा होतो.

२५ मार्च, मंगळ.
सोनाबाईला रविवारपासून ताप. सु. पेज घेऊन गेली. बाईला तापाची काळजी नाही, फुलांची आहे. "पाल्यात सडून जातीन." मी म्हणालो, माझ्यावर सोडा.

२७ मार्च, गुरु.
पहाटे खराटा घेऊन गेलो. तासाभरात एक कोपरा झाला, कंबर मोडली. संध्याकाळी प्रभुभोजन, उद्याच्या, क्रुसावरच्या सात शब्दांच्या प्रवचनाचं पान कोरं. आजूबाजूच्या झाडांखालची जमीन काळीभोर, साफ. खिशात कंदिलासाठीची काडेपेटी होती.
एकाच झाडाखाली लावायची, असं ठरवलं. कडेनं डहाळीनं झोडपत राहिलो. आग विझली. दुपारपर्यंत दोन टोपल्या फुलं. सोनाबाई हात जोडून म्हणाली, "लय कष्ट केले जी." कसे केले ते सांगितलं नाही.
रोपं घरी आल्यावर आठवली. दुसऱ्या झाडाखाली होती, शाबूत असतील.

२८ मार्च, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
पाचव्या शब्दावर होतो. खिडकीतून धुराचा वास. कालची आग कुठल्यातरी ओंडक्यात धुमसत राहिली असणार. दुपारचा वारा मिळाला. सगळे एकमेकांकडे पाहतायत आणि सोनाबाई, अंगात ताप, उठून चालूही लागली. मग मंदिर रिकामं झालं. मीही धावलो, झग्यासकट.
चार वाजेपर्यंत डहाळ्या आणि ओली पोती. पुढच्या जंगलात जाऊ दिली नाही. तिच्या दोन्ही मोहांची साल होरपळलीय. रोपं गेली. सहाही.
मंडळीतला पंच ओरडला, "कोन्या हरामखोरानं लावली?"
सोनाबाई राखेत बसून म्हणाली, "असन कोनी घाईतला."
सगळे म्हणतात पाळकसाहेब सर्वांच्या पुढे होते. मी ऐकून घेतलं. भ्याड माणूस आहे मी, लिहून ठेवतो.

२९ मार्च
सांगायला तिच्या घरी गेलो. तीच आधी बोलली. "उद्या ते बागेचं परवचन पुन्हा सांगा जी. आता लोकं आयकतीन." इतक्या विश्वासानं म्हणाली की सांगायला आलो ते टाळलं. झाडं जगतील का विचारलं. "पाऊस पडल्यावर समजन. मोह चिवट असते." उद्यापासून पुन्हा झाडणार म्हणे. "सावली हाये, राख हाये. रोपं येतीन."

३० मार्च, ईस्टर, पहाट
सु.नं गुरुवारचा राखेनं मळलेला सदरा धुवायला काढला होता. खिशातली काडेपेटी माझ्या पवित्र शास्त्रावर ठेवून गेली.
बागेचं प्रवचन घेतलंय. पण त्याआधी आग कुणी लावली ते सांगायचं, नाहीतर तोंड उघडायचं नाही, असं ठरवलंय. गुरुवारीही ठरवलं होतं, एकाच झाडाखाली. पंच काय म्हणेल, मंडळी ठेवेल की नाही, माहीत नाही. सोनाबाईच्या तोंडाकडे बघवेल का हीच खरी भीती.
खिडकीतून ती मंदिरात दिसतेय. पहिल्या चटईवर येऊन बसलीय, ताप उतरलेला दिसतो. खराटा भिंतीला टेकवलाय. आज तिच्यासोबत आणखी तिघी, त्यांच्याकडेही खराटे. उपासना झाली की थेट डोंगराकडे जाणार असतील.
घंटा झाली. काडेपेटी खिशात घेतलीय.