अकरा ओळींची दुरुस्ती

अमरावती

प्रिय आचल,

बाळापूरच्या या पत्त्यावर तू अजून राहतेस की नाही, ठाऊक नाही. तुझ्याबरोबर वर्गाला येणारी सीमा म्हणाली, तू आता झेरॉक्सच्या दुकानात बसतेस आणि आपल्या वर्गाचं नाव काढलं की विषय बदलतेस.

तो रविवारचा वर्ग मी बंद केला. चार वर्षांत एकेचाळीस जण आले. शेवटच्या रविवारी एकटी मीच होते. खुर्च्या मांडल्या, तासभर वाट पाहिली, उचलून ठेवल्या. प्रत्येकाला मी तेच सांगायचे, की मुक्त सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नसतं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवा, पहिली दुरुस्ती लहान असू द्या.

तुझी मला चांगली आठवते. तुझ्या जानरावमामांना दिसत नाही. फोनवरचा मजकूर आपल्या प्रकल्पाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. ‘७/१२’ आलं की म्हणायचं, ‘सात भागिले बारा’. “मामा हासते, पन त्याईले काई समजून नाही राहिलं,” असं सांगून तू कामाला लागलीस. पंधरा दिवसांत अकरा ओळी लिहिल्यास. स्पीकरमधून स्वच्छ ‘सातबारा’ ऐकू आलं तेव्हा अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या.

मग ती दुरुस्ती तू मंजुरीसाठी पाठवलीस, आणि प्रकल्पाचे प्रमुख कमलाकांत सर यांचं उत्तर आलं: असल्या गावठी अपवादांना इथे जागा नाही. मी तुला धीर धरायला सांगितलं. तू पाच वेळा बदल करून पाठवलेस. पुढे उत्तरंही थांबली. “ताई, माह्यं चुकलं असन तं सांगा, मी पुना करीन. पन कोनी बोलूनच काहून नाही राहिलं?” मी म्हणाले, मोठी माणसं आहेत, कामात असतील. पुढच्या रविवारपासून तू आली नाहीस.

परवा प्रकल्पच बंद झाला. आता त्यात कुणालाच काही बदलता येणार नाही. रखडलेल्या दुरुस्त्यांची यादी शेवटची पाहताना तुझं नाव दिसलं, म्हणून लिहायला बसले. आचल, दुरुस्ती मंजूर करण्याचा अधिकार तिघांना होता. त्यांतली एक मी होते. तुझं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. सरांशी वाईटपणा नको, म्हणून मी ते मंजूर केलं नाही, आणि चूक तुझीच असेल असं तुला वाटू दिलं. माफी मागत नाही. तू देऊन टाकशील. फक्त हे लेखी तुझ्याजवळ असावं.

तुझीच म्हणवायला संकोचणारी,
देवश्रीताई