दीड एकर आणि कडू काकडी

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा भाजीपाला व फळे पिकवणे, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकील म्हणतात. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची आजवर छाती झालेली नाही. यापूर्वी मुलावर रागावून एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे.

१. विहिरीसह दीड एकर जमीन मुलीला द्यावी. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो उन्हाळ्यात येतो, आंब्याखाली खुर्ची टाकतो आणि "आई, ठिबक का नाही करत?" असे विचारतो. मुलीने विचारले नाही, नळ्या आणून अंथरल्या. अट एकच: ज्या वाफ्यात टोमॅटो झाला, तिथे पुढच्या वर्षी टोमॅटो लावायचा नाही, भाव कितीही चढलेला असो.

२. घर मुलाला. मागच्या पडवीत कांदा-लसूण टांगायचा हक्क मात्र मुलीचा राहील आणि सुनेने वासाची तक्रार करू नये. सून गुणी आहे, नाक तेवढे नाजूक आहे.

३. खुरपी, विळे आणि फवारणीचा पंप मुलीला. शिडी भाच्याला, ती सहा वर्षे त्याच्याकडेच आहे, परत मागायचे माझे कष्ट तरी वाचतील. बाजारातल्या दलालाला काही नाही. त्याने वीस वर्षे माझ्या कोवळ्या दोडक्याला जून म्हटले.

४. मी उन्हाळ्यात गेले तर आधी वेलांना पाणी द्यावे, मग रडावे. खरबुजे उतरायला आली असतील तर उतरवून घ्यावीत.

५. धाकटी जाऊ बांधापलीकडे शेती करते. अकरा उन्हाळ्यांपूर्वी तिने मला तिच्या काकडीचे बी दिले. त्याच उन्हाळ्यात माझे यजमान अठरा दिवस दवाखान्यात होते आणि मी त्यांच्या उशाशी. वेलांना पाणी कधी तिसऱ्या दिवशी मिळाले, कधी पाचव्या. काकडी निघाली ती कडूजहर. गिऱ्हाइके परत येऊन बोलून गेली. मी भर बाजारात जावेला म्हणाले, "जसं तुझं मन, तसंच तुझं बी!" तेव्हापासून आमच्यात शब्द नव्हता.

आठ वर्षांपूर्वी माझा पंप जळला आणि नऊ दिवस पाणी बंद होते. दुकानातून आणलेल्या सीलबंद बियांची काकडी तशीच कडू झाली. भर उन्हात तहानलेली काकडी कडू होते. माझा जन्म वेलांत गेला, मला हे आधी कळायला हवे होते. कळल्यावरही मी तोंड उघडले नाही. मला त्याची लाज वाटते.

हे सर्व मी माफीसह आधी इथे लिहवून घेतले होते. वकील म्हणाले, मृत्युपत्रात माफी बसत नाही. मी म्हटले, बसवा. साक्षीला आलेला टेम्पोवाला आम्हा दोघींचा माल नेतो. तो खर्डा ऐकून म्हणाला, "काकू, त्या हे वाचतील तेव्हा तुम्ही नसणार. मग त्यांनी भांडायचं कोणाशी?"

सही न करता खर्डा तसाच ठेवला. पुढच्या बाजारी जावेसमोर उभी राहिले आणि दलालालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बी चांगलं होतं. मीच पाणी दिलं नव्हतं."

ती मिरच्या निवडत होती. "कधी कळलं?"

"आठ वर्षं झाली."

तेव्हा तिचे हात थांबले. "ताई, लोक माझ्या पाटीतली काकडी आधी चावून बघायचे, मग घ्यायचे. मी लावायचीच बंद केली. माझ्या आईकडचं बी होतं ते. संपलं."

घरी येऊन डबे धुंडाळले. तिने दिलेल्यांपैकी चाळीस बिया एका पुडीत उरल्या होत्या. रागाच्या भरातही बी फेकवले नव्हते. सगळ्या पेरल्या. तीन उगवल्या.

म्हणून कलम पाच आता एवढेच: त्या तीन वेलांवरच्या काकड्या कोणी तोडू नयेत. पिकून पिवळ्या होऊ द्याव्यात. त्यांचे बी जावेचे आहे. मी असेन किंवा नसेन, पाणी एक दिवसही चुकू नये.

तिने मला माफ केले असे ती म्हणालेली नाही, म्हणून तसे लिहीत नाही. पण ती रोज सकाळी बांध ओलांडून येते आणि माझ्यादेखत त्या वेलांच्या बुडाशी बोट खुपसून माती ओली आहे का ते बघते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

सही: लिहून देणार

साक्षीदार: १. टेम्पोवाला (सही) २. रोपवाटिकेची मालकीण (सही). दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

स्थळ: विहिरीजवळची पंपाची खोली
दिनांक: २२ एप्रिल, सकाळी साडेसात, पाणी देऊन झाल्यावर