बिनशेंगदाण्याचे तीन डबे

केज
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रणितास,
सासूचे अनेक आशीर्वाद, मागितले नसले तरी.

इकडे सर्व क्षेम आहे. पत्र कशाला, असं तू बसवेशला विचारशील. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मध्ये माझा मुलगा नुसता हॅलो हॅलो करतो. कागदावर निदान एकीचं संपल्याशिवाय दुसरीला सुरू करता येत नाही.

मुद्दा असा. दिवाळीत माझ्या नणंदेनं, सुभद्राबाईंनी, आपल्या अक्कूला शेंगदाण्याचा अर्धा लाडू चारला. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणून चारला. पोरीचे ओठ सुजले, श्वास लागला. अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत तू तिला मांडीवर घेऊन बसली होतीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला आहे. म्हणून ॲलर्जीला मी हसत नाही. हसायला या घरात दुसरं पुष्कळ आहे, तुझे सासरे धरून.

पण तेव्हापासून अक्कूला केज बंद. यंदा मे महिन्यातही ती येणार नाही, हा निकाल मला बसवेशकडून कळला, तोही अडखळत. गुन्हा सुभद्राबाईंचा आणि शिक्षा मला. सदतीस वर्षं तहसिलात काढली आहेत. अपील कुठे करायचं ते मला कळतं. सात वर्षांची नात आजीला फोनच्या काचेतून दात दाखवते आणि कुठला पडला ते मला मोजावं लागतं, हे मी फार दिवस चालू देणार नाही.

शाळेच्या डब्यात तिला काय देतेस ते कळव. मी इथून करून पाठवते. माझ्या स्वयंपाकघराची परीक्षा घे, मग निकाल दे. मी सिस्टरांच्या शाळेत शिकले आहे, परीक्षेला भीत नाही.

कळावे. लोभ आहेच, तुझाही असावा. तपासून दिलास तरी चालेल.
गंगासागर


पुणे
११ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,
प्रणिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बसवेशनं ते दोनदा वाचलं आणि त्यात त्याची बाजू कुठे आहे ते शोधत बसला.

अक्कू मधल्या सुट्टीत ग्रॅनोला बार खाते. विकतच्या पुड्यांचा भरवसा नाही म्हणून मी घरीच करते. भट्टी लागत नाही. ओट्स कोरडे भाजायचे, खजूर आणि गूळ गरम करून त्यात ओट्स, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, चिमूटभर मीठ कालवायचं, ताटात थापायचं आणि थंड झालं की पट्ट्या कापायच्या. शेंगदाणा, काजू, बदाम, दूध काहीही नको. तीळही नको, त्याची तपासणी अजून राहिली आहे.

भांडी वेगळी हवीत. ज्या मिक्सरमध्ये कधी कूट झालं, तो चालणार नाही. पुड्यावरचं बारीक अक्षर वाचावं लागेल. आई, तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही. विश्वास ठेवायला लागतं ते धैर्य माझ्याकडे त्या गाडीत संपलं.

तीन डबे नीट आले तर मेचा विचार करू. बाबांना नमस्कार.

आपली माया आहे तशीच राहू द्यावी,
प्रणिता


केज
१ मार्च २०२५

चि. सौ. प्रणितास,
आशीर्वाद. सोबत डबा क्रमांक एक.

ज्याला तुम्ही ग्रॅनोला बार म्हणता तो म्हणजे चिक्कीचा आजारी भाऊ. तरी केला, आणि कसा केला ते ऐक.

आधी बिभीषणच्या दुकानात गेले. तो ज्या मापानं शेंगदाणे काढतो त्याच मापानं माझ्या बिया काढायला लागला. मी हात धरला. त्याचं म्हणणं, बाई, तीस वर्षं याच मापानं सगळ्या केजला खायला घालतोय, कुणी मेलं न्हाई. मी त्याला सांगितलं की मेलेले तक्रार करायला येत नाहीत. मग बंद पुडे मागितले आणि भिंग लावून प्रत्येकाची पाठ वाचली. चार पुड्यांवर लिहिलं होतं की त्या कारखान्यात शेंगदाणेही हाताळले जातात. बिभीषण म्हणाला, हे लिवल्यालं आजवर मीबी वाचलं न्हाई. पाचवा पुडा निर्दोष निघाला. भोपळ्याच्या बिया मात्र घरच्या भोपळ्याच्या, गच्चीवर वाळवून नखांनी सोललेल्या. माझ्या अंगठ्याचं नख कामास आलं.

कढई नवी, झारा नवा, सुरी नवी, ताट नवं. ओटा तीनदा पुसला. तुझे सासरे दारात येऊन विचारून गेले की आत यायला अर्ज कोणाकडे करायचा. त्यांच्या खिशात फुटाणे-शेंगदाणे असतात हे मला ठाऊक आहे. त्यांना अंगणात बसवलं. दोन तास बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझा एवढा शब्द ऐकला.

पट्ट्या अशा सुटल्या की सुरीला कण चिकटला नाही. बाजारातल्या कारखानदारांनी येऊन पाहावं. वेलची माझ्या मनानं घातली आहे, ती तुझ्या यादीत नव्हती. पण वेलचीनं अजून कुणाचे ओठ सुजलेले नाहीत.

अक्कूला पापा. तिला सांग, मधल्या सुट्टीत कुणी मागितलं तर द्यावं, पण आजीनं केलंय हे सांगून द्यावं.

लोभ वाढता ठेव, मी इथे डबे वाढवते.
गंगासागर


पुणे
२७ मार्च २०२५

ती. आईंना,
शि. सा. न.

दोन्ही डबे पोचले. फार छान झाले आहेत. अक्कूला आवडले. दुसऱ्या डब्यात वेलची किंचित जास्त वाटली, एवढंच. तिसरा आला की सुट्टीचं बोलू.

घाईत लिहिते आहे, परीक्षा सुरू आहेत. कृपादृष्टी ठेवावी.
प्रणिता


तेलगाव
६ एप्रिल २०२५

वैनीस,
सुभद्राचा शरणार्थ. इकडं समदे बरे हाईत. घाणा सुरू हाय, उन्हामुळं बैल न्हाई तर मालकच तोंड काढून बसत्यात.

गुरुलिंगदादांनी, तुमच्या मालकांनी, डबा आणून दिला. तुमी तो मला खायला न्हाई, खिजवायला पाठवलाय, हे न कळायला मी येडी न्हाई. वर चिठ्ठी कशाला लावली म्हणते मी? "याला म्हणतात बिनधोक खाऊ, बघून घ्यावे." दिवाळीपास्नं तुमी माझ्याशी बोलला न्हाईत. संक्रांतीला वाण बी दुसऱ्याच्या हाती पाठवलं. मी चुकले, हे मी त्याच दिवशी कबूल केलं होतं. पोरीला दवाखान्यात नेलं तवा मी मागं ओसरीवर बसून होते, माझ्या पोटात पाणी न्हाई गेलं. ते कुणी बघितलं न्हाई.

पण खरं सांगते, वड्या लई झ्याक जमल्या. ताटातनं कशा सुटल्यात, बुडाला चकाकी. नाकाला लावली आन मला कळलंच, हे आमच्या घाण्याचं शेंगतेल. ताटाला आमच्याच तेलाचा हात लावलाय ना? मालकांना दाखवलं, ते बी खूश झाले. म्हणाले, पोरीला आता शेंगतेल पचतंय म्हणजे आजार गेला म्हणायचा. आमाला तर देवच पावला.

तेल संपलं असंल तर कळवा, डबा भरून ठेवते. राग सोडावा. न सोडला तरी मी नणंद हायेच.
सुभद्रा


केज
९ एप्रिल २०२५

प्रणितास,

काल सुभद्राबाईंचं पत्र आलं, ते उभ्यानं वाचलं आणि तुला फोन केला. तिसरा डबा टाकून दे, ताटाला शेंगतेल आहे, एवढं बोलले आणि ठेवला. तुझं ऐकून घेण्याची हिंमत झाली नाही. आता सगळं लिहिते.

तुझ्या यादीत तेल नव्हतं. माझ्याही मनात नव्हतं. ताटात काही थापायचं म्हणजे आधी तेलाचा हात फिरवायचा, हे मी वयाच्या दहाव्या वर्षापासून करते आहे. ते मी करते असं मला वाटतच नाही. हात आपला जातो. भिंग घेऊन मी बिभीषणला अर्ध्या बाजारासमोर ऐकवलं, आणि घरी येऊन सुभद्राबाईंच्या घाण्याच्या तेलात बोटं बुडवली. तिन्ही वेळा. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचा अंश राहतो, अशा मुलीला तो अजिबात चालणार नाही. डॉक्टर माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान आहेत. हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं, ते मला जास्त लागलं.

सुभद्राबाईंनी अर्धा लाडू उघड्या हातानं दिला. मी तीन डबे दिले, वर क्रमांक घालून. पाच महिने मी त्या बाईशी बोलले नाही.

दोन डबे खाऊन अक्कूला काही झालं नाही ही माझी हुशारी नाही. कशी आहे ती, एवढंच कळव. मेमध्ये तिला पाठवू नकोस. हे तू नाही, मी म्हणते आहे. अपील मागे घेतलं.

लोभाबद्दल आज काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.
गंगासागर


पुणे
१४ एप्रिल २०२५

ती. आईंना,
प्रणिताचा शि. सा. नमस्कार.

अक्कू ठणठणीत आहे. तिला काही होणार नव्हतं, कारण तिनं तुमची एकही पट्टी खाल्लेली नाही. पहिला डबा मी ऑफिसात वाटला. दुसरा बसवेशनं खाल्ला, वेलचीचं तोच म्हणाला. तिसरा कपाटावर होता. तुम्ही नखांनी सोललेल्या बिया मी मुलीच्या तोंडाजवळ नेल्या आणि देऊ शकले नाही. तसं लिहायची लाज वाटली, म्हणून छान झाले असं लिहिलं.

आई, मला भीती शेंगदाण्याची कमी आणि पांघरूण घालण्याची जास्त होती. दिवाळीत पोरीचे ओठ सुजायला लागले तेव्हा घरातल्या चौघांनी मला सांगितलं की तिला काही दिलेलं नाही. दहा मिनिटं गेली त्यात. आत्याबाईंनी शेवटी सांगितलं, तेही बसवेश ओरडल्यावर. त्या दिवशी तुमचा फोन आला, त्यात नमस्कार नव्हता, चौकशी नव्हती, पहिलंच वाक्य शेंगतेलाचं होतं.

म्हणून आम्ही २६ तारखेला येतो. चार दिवस, मी सोबत राहीन. त्या दिवसांत शेंगतेल आणि शेंगदाणे घरात नकोत, बाबांच्या खिशातही. डॉक्टरांनी अक्कूसाठी इंजेक्शन दिलं आहे, ते कसं द्यायचं हे तुम्हाला, बाबांना आणि आत्याबाईंना शिकावं लागेल. हे जमणार असेल तरच.

उत्तराची वाट पाहते. रागावला असाल, तरी थोडा आशीर्वाद असू द्यावा.
प्रणिता


केज
१९ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रणितास,
आशीर्वाद, यावेळी मागून घेतलेस म्हणून दुप्पट.

रागावले आहे. बसवेशच्या जिभेवर विसंबून मी तिसऱ्या खेपेत वेलची निम्मी केली, ज्या मुलानं आयुष्यात कुठल्या पदार्थाला बरं म्हटलेलं नाही. डबे अक्कूला दिले नाहीस ते योग्य केलंस. तुझ्या जागी मीही दिले नसते. फक्त छान झाले असं लिहिलं नसतं. सासूला खोटं लिहून खूश ठेवायचं हे तुला कुणी शिकवलं? आणि दिवाळीतल्या त्या चौघांमध्ये मी होते, हे तू लिहायचं टाळलंस. मी होते. मला खरंच माहीत नव्हतं, पण विचारून पाहायच्या आधी मी नाही म्हणाले.

काल जीपनं तेलगावला गेले. सुभद्राबाईंसमोर माफी मागितली, बसायच्या आत, नाहीतर चहा घेऊन परत आले असते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वैनी, माजा लाडू अर्धाच व्हता. हे त्या मला मरेपर्यंत ऐकवतील, आणि ऐकवावं. त्या २४ तारखेलाच येतात. येताना अंगावरचं लुगडंसुद्धा धुतलेलं घालते म्हणाल्या, घाण्याच्या घरातली बाई, तेल पदराला असतं. हे मला सुचलं नव्हतं.

इथल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन कसं द्यायचं ते मी आणि तुझे सासरे शिकून आलो. पपईवर सराव चालला आहे. तुझे सासरे टोचताना डोळे मिटतात, म्हणून त्यांना फक्त फोन करायचं काम दिलं आहे. त्यांचे खिसे उलटे करून धुतले.

स्टँडवर मी येणार नाही, ते येतील. मी घरी ओटा पुसत असेन. आलीस की पाणी प्यायच्या आधी तू स्वतः डबे उघडून पाहा, ताटांवरून बोट फिरव, वास घे. मी तोंड वाकडं करीन, चार शब्द बोलेनही. तू तरी पाहा.

वाट पाहणारी,
गंगासागर