पाठ फिरवून घेतलेली परीक्षा

शास्त्रीबुवा,

आंब्याच्या झाडाविरुद्ध दरबारात फिर्याद गुदरावी म्हणतो. उद्या वार्षिक परीक्षा, आणि हा गृहस्थ पोरांच्या दौतीत मोहर ढाळतो आहे. इन्स्पेक्टरसाहेबांचा हुकूम आला: जागा हवेशीर असावी, उजेड डाव्या अंगानं यावा, गलबला नसावा. हवा इतकी आहे की प्रश्नपत्रिकांवर दगड ठेवावे लागतील, उजेड दाही दिशांनी येतो, आणि गलबल्याचं म्हणाल तर वर वानरं बसली आहेत. आमचा चपरासी म्हणतो, "मास्टरसाब, इनसे भी फीस लो, रोज की हाजरी है इनकी!"

देवासात उंदीर मरून पडू लागले तशी शाळा गावाबाहेर या आमराईत आली. गाठीच्या तापाला, प्लेगला, भिऊन निम्मं गाव झोपड्यांत राहतं. उरलेलं घराला कुलूप लावायला तयार नाही. उद्या दोन्हीकडची पोरं एकाच सतरंजीवर बसणार. हुकुमात याविषयी अक्षर नाही.

धारची तुमची पाठशाळा आठवते. परीक्षेच्या दिवशी तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसायचात. तोंड दिसलं की माया आड येते, म्हणायचात. माझी पाळी येते, मी शब्दांची रूपं म्हणू लागतो, आणि दुसऱ्याच ओळीला तुमचा हात वर जातो.

"चुकलं का, शास्त्रीबुवा?"

"चुकलं नाही. ताप आलाय तुला. घरी जा."

"पण परीक्षा?"

"ती कुठं पळून चाललीय? नीघ, गाढवा!"

मी रडतच निघालो. घरी पोचेतो अंग फणफणलं होतं. आईनं विचारलं, "हात लावून पाहिला का त्यांनी?" तुम्ही तर वळूनही पाहिलं नव्हतं.

आता परीक्षा लेखी. पोरं मुकाट्यानं टाक कुरकुरवतात. ताप लपवायला याहून सोयीची जागा नाही. म्हणून उद्या कागद देण्याआधी एकेकाकडून दोन ओळी म्हणवून घेणार आहे, तुमच्यासारखी पाठ फिरवून. साहेब हसतील. हसोत बापडे.

आज दिवेलागणीला आमच्या थोरल्यावर सराव केला. इंदूरला पुढं शिकायचं तर याच परीक्षेत स्कॉलरशिप मिळवायला हवी, म्हणून परवा मला न सांगता गावातल्या आमच्या बंद घरी जाऊन पुस्तकं घेऊन आला.

"नाना, वळा ना इकडं. झाडाशी काय बोलता?"

"म्हण तू."

म्हणाला. एक अक्षर चुकला नाही. दुसऱ्या ओळीला माझा हात मांडीवरून उचलला गेला, तो मी तसाच खाली ठेवला.

"चुकलं का, नाना?"

"नाही. छान म्हटलंस. नीज आता."

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणूनच हे लिहितो. शास्त्रीबुवा, त्याचा आवाज मला बरा वाटला नाही. तो पलीकडेच निजला आहे, आणि कपाळाला हात लावून पाहायला मी अजून उठलेलो नाही.