सरकलेला पट्टा

प्रिय मनांग रेमेदियोस, माझी थोरली ताई,

तू नको म्हणत असताना मी वजन उतरवायला जठराला पट्टा बसवून घेतला. तो आता सरकलाय. घासभर भातही उलटून पडतो. फोनवर "मस्त चाललंय" म्हणते, ते खोटं आहे.

रविवारी आईच्या वाढदिवसाला इलोइलोला गेले. तिच्या आग्रहाखातर जेवले आणि मागच्या दारी धावले. आई मागोमाग आली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातचं तुला आवडेनासं झालं."

मग सगळं सांगितलं. पट्टा काढला तर परत जाडी होईन, म्हणून डॉक्टरांना टाळतेय, हेही.

"हो की जाडी! पण माझ्यासमोर बसून जेव."

उद्या पट्टा काढणार आहेत. तू दुबईची नोकरी टाकून धावत येशील, म्हणून हे पाठवत नाही. आई आहे इथे, दवाखान्यात माझ्याजवळ. माझा हात सोडायला तयारच नाही.

तुझी धाकटी बहीण,
मारिविक