घरामागचा कोरडा कडा

सर,

तुमच्या स्वयंपाकघरामागचा डोंगर कापला. काकू तुमच्या फोटोशी रोज बोलतात, पण हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपण औरंगाबाद म्हणत होतो. आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं यायला रिक्षावाले कुरकुर करायचे, तिथं आता रस्ता ओलांडायचा तर देवाचं नाव घ्यावं लागतं. शहराला जागा पुरेना तसं ते डोंगरावर चढलं. गेली दोन वर्षं पाऊस नाही, त्यामुळं बिल्डरचं काम एक दिवस थांबलं नाही. रो-हाउससाठी सपाटी हवी म्हणून त्यानं सीताफळींचा तो तिरपा उतार पोकलेननं उभा कापला, निघालेला मुरूम वरच्या काठावरच ढीग करून टाकला, आणि मग कुठं काय बिनसलं कुणास ठाऊक, काम अर्धवट सोडून तो निघून गेला. आता तुमच्या परसदारी दोन मजली उंचीचा उघडा कडा आहे. भाकरी थापताना काकूंना खिडकीतून आभाळ दिसत नाही.

कॉलनीत सगळे निवांत आहेत. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, दोन वर्सं झाली, खडा बी निसटला नाय. लई पक्कं काम हाय." मला इंजिनिअरिंग कॉलेजातला तुमचा मातीच्या विषयाचा वर्ग आठवत होता. तेही दुष्काळाचंच वर्ष, कॉलेजच्या नळाला दिवसाआड पाणी. तुम्ही वर्गात येता, खिशातून काळ्या मातीचं वाळकं ढेकूळ काढता आणि टेबलावर आपटता. ते फुटत नाही. मागच्या बाकावरच्या एका धट्ट्याकट्ट्याला मुठीत दाबायला देता, त्याच्याच्यानंही फुटत नाही. मग ते प्यायच्या ग्लासात सोडता आणि खुर्चीवर गप्प बसून राहता. आम्ही हसतो, कुजबुजतो, एक जण पेंगतो. तास संपायच्या आत ढेकळाच्या कडा विरतात, मग ते खचतं, आणि ग्लासाच्या तळाशी नुसता चिखल उरतो. "कोरडेपणी कुणीही ताठ उभं राहतं," तुम्ही म्हणालात. "भिजल्यावर उरते तेवढीच मातीची ताकद." आतला जरासा ओलावा कणांना एकमेकांकडं ओढून धरतो आणि पाणी भरलं की ती ओढच जाते, हे तुम्ही फळ्यावर नंतर मांडलंत, मला ते ग्लासातच कळलं होतं. घरीही तुमचा हाच उद्योग. टँकरच्या पाण्याचा पेला ढेकळावर खर्ची पडला की काकू फणकारायच्या, "माणसाला प्यायला पाणी नाय अन् तुम्ही मातीला पाजायलात व्हय?" तुम्ही तो चिखल गुपचूप तुळशीत ओतायचात.

कन्नडच्या घाटात मी तुमची बोलणी खाल्ली तीही अशाच एका कड्यापुढं. रस्त्यासाठी कापलेली दरड सरळसोट उभी होती आणि मी, वर्गातली हुशार म्हणून मिरवणारी, बोलून गेले, "सर, केवढी भक्कम आहे." तुम्ही सगळ्यांसमोर वळलात. "उभी हाय म्हून भक्कम? पडायचं कारण मिळालं नाय तिला अजून." रागावलात की तुमच्या तोंडी गावची बोली यायची. परतताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. तुम्ही शेजारच्या सीटवरून खाऱ्या दाण्यांची पुडी पुढं केलीत, मी घेतली नाही. त्या दिवशी मला तुमचा मनापासून राग आला होता.

पुढं नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला तुमचा पितळी ओळंबा दिलात. परवा तोच घेऊन मी तुमच्या परसात उभी राहिले. कडा ओळंब्याला अगदी बरोबर. गवंड्यानं भिंत अशी बांधली असती तर त्याला शाबासकी द्यावी. मग वर चढून गेले. मुरुमाच्या ढिगामागं, काठाला समांतर, जमिनीला लांबलचक भेग पडली आहे. हात घातला, कोपरापर्यंत गेला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती भेग बघायला वर कोण चढतो? पहिला मोठा पाऊस तिच्यात उतरेल. पुढचं कळायला गणिताची गरज नव्हती, तरी मी घरी येऊन मांडलं, पुन्हा मांडलं. माती भिजलेली धरली की कडा उभा राहत नाही, आणि त्याच्यापुढं स्वयंपाकघर आहे.

काकूंना मी ओट्याशीच सांगितलं. पाऊस लागायच्या आत माझ्याकडं चला, निदान पावसाळाभर. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"ही जागा कुणी बघितली व्हती?"

"सरांनी."

"खड्डा खणून, माती भिजवून, लई येरझारा घालून बघितली. म्हणले, हितं आयुष्यभर भ्या नाय. ते गेल्यावर मी एकलीनं दिवस काढले ते त्या शब्दावर. त्यांनी पास केलेली जागा तू नापास करायलीस का?"

"काकू, तेव्हा डोंगर अख्खा होता."

"मान्सं डोंगर कापत्यात, हे त्यांना ठावं नव्हतं व्हय?"

सर, तुमच्याजवळ तरी याचं उत्तर होतं का? तुमचा निकाल चुकला नव्हता, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगेन. पण तुम्ही इतकं ठाम बोलायला नको होतं. घाटातल्या त्या दिवसानंतर मला पुन्हा एकदा तुमचा राग आला, आणि समोर गरम भाकरी आली ती मी निमूट खाल्ली. महापालिकेत अर्ज केलेत, फोन केलेत. जो येतो तो कड्यावर हात आपटून बघतो, दगडासारखा आहे म्हणतो आणि जातो. तुम्ही एकदा "ऊठ, निघ" म्हणाला असतात तर काकू तवा तसाच टाकून निघाल्या असत्या. माझ्यासाठी निघणार नाहीत. म्हणून हे लिहायला बसले. पण पाकिटावर पत्ता घालायचा तर त्याच घराचा घालावा लागेल, आणि ते उघडतील काकूच. तेव्हा हे माझ्याकडंच राहील.

एक मात्र तुमच्यापाशी कबूल करते. मृग लागला आहे आणि सगळा मुलूख आभाळाकडं डोळे लावून बसला आहे. माझा भाऊ कन्नडकडं शेती बघतो. त्याची पेरणी खोळंबली आहे, विहिरीनं तळ गाठला आहे. काल त्याचा फोन आला, "ताई, तिकडं काय भरून आलंय का?" मी गच्चीवर जाऊन पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. "नाय रे," मी म्हणाले. "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला. आणि सर, मला बरं वाटलं.