फ्लॉसीबायचा कौल

८ जानेवारी, बुधवार

फ्लॉसीबायला प्रचालक व्हायचंय! दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत आली. सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि ठेवता ठेवताच सांगून टाकलं. मी आधी हसले. नंतर वाईट वाटलं.

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात ती कित्येक वर्षं लिहिते आहे — होड्या, जाळी, मासे, वसईतलं तिचं पाचूबंदर. फुकट, आम्ही सगळेच लिहितो तसं. पण प्रचालक होणं म्हणजे लिहिणं नव्हे. लोकांची पानं उडवायची, धुडगूस घालणाऱ्यांना रोखायचं, वर शिव्या खायच्या. मीही केलं काही वर्षं, मग सोडलं. तेही सांगितलं.

"तू सोडलंस म्हनून मी नको करू?"

कशाला हवंय विचारलं, तर म्हणाली, "माझं एक काम हाय." सदस्य मतं देतात त्या कौलाच्या पानावर हे चुकूनही लिहू नको, असं मी तिला लगेच बजावलं. स्वतःचं काम असलेला माणूस तिथे कुणाला नको असतो.

मनातून वाटतं, होणार नाही. कौल द्यायला येणारी माणसं मूठभर, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तिने दुखावलेलं. तिला हे स्पष्ट सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. बोंबील मात्र ठेवून घेतले.

१३ जानेवारी, सोमवार

तिच्या जुन्या भांडणांची पानं वाचत बसले. एका सदस्याला लिहिलंय, "तुम्ही समुद्र बघितलाय का कधी?" तो चंद्रपूरचा. हे सगळं वर निघणार.

फोनवर सल्ले दिले. रागात उत्तर देऊ नको. चूक असेल तिथे चूक म्हण. आणि कुणाकडेही मत मागायचं नाही — मागितलंस की संपलं, तिथला सगळ्यात कडक नियम. तिला ते पटेचना. त्यांच्या पतपेढीच्या निवडणुकीत मत न मागणाऱ्या उमेदवाराला लोक माजलेला समजतात म्हणे.

पण शब्द दिलाय तिने. कुणाला सांगणारसुद्धा नाही म्हणाली.

१७ जानेवारी, शुक्रवार

अर्ज टाकला. माझा मसुदा तिने सगळा खोडला आणि एवढंच लिहिलं: "मी रोज इथे असते. येत नाही ते विचारते." माझ्यापेक्षा चांगलं. क्षणभर आशा वाटली.

१८ जानेवारी, शनिवार

माणिकपूरच्या बाजारात ग्लोरियाकडून कोलंबी घेतली. ग्लोरिया फ्लॉसीबायची भावजय. बोलता बोलता तिला सांगितलं, तुमची फ्लॉसीबाय उभी आहे म्हणून. अभिमानाने सांगितलं, खोटं कशाला लिहू. कोणाच्या विरोधात, तिने विचारलं. कोणीच नाही म्हटलं.

"मग पडेल कशी?" असं म्हणून वर मूठभर कोलंबी घातली.

१९ जानेवारी, रविवार

सकाळपर्यंत दोन पाठिंबे, एक विरोध. विरोध जितेशचा — तो नाशिकचा प्रचालक, सरळ माणूस. "स्वभाव तापट," लिहिलंय. खरंच आहे.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी पान उघडलं. पाठिंब्यांची रांगच रांग! सगळी नवी खाती, सगळी कालच्या दुपारची. "आमची फ्लॉसी एक नंबर." "फ्लॉसी आंटी आगे बढो." एकाने तर नुसतं होडीचं चित्र टाकलंय. ग्लोरियाला फोन केला तेव्हा कळलं, तिने रविवारच्या मिस्सानंतर सगळ्या आळीला चर्चच्या हॉलमध्ये बसवलं आणि तिथल्या वायफायवर खाती उघडून घेतली. अर्थात सगळ्या खात्यांचा इंटरनेटचा पत्ता एकच. बाहेरच्याला काय दिसणार? एक बाई बनावट खाती काढून स्वतःलाच मतं देते आहे.

त्यात सॅमीचा विरोध. तिचा चुलतभाऊ, जाळी सुकवायच्या जागेवरून भांडण आहे. "पहिली माझी जागा सोड, मग प्रचालक हो." त्यावर कुणीतरी लिहिलंय — खरं वाटावं म्हणून विरोधही हिनेच केलेला दिसतो.

फ्लॉसीबायला काहीच माहीत नव्हतं. तिने शब्द पाळला. तोंड मी उघडलं.

२१ जानेवारी, मंगळवार

तिचं खातं कायमचं बंद. ग्लोरियाला मी सांगितलं होतं हे सगळं तिथे लिहिलं. जितेशचं उत्तर सभ्य होतं. समजतं, पण उघड्या डोळ्यांनी दुसरा निष्कर्ष काढता येत नाही. मी त्याच्या जागी असते तर? हेच केलं असतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

गिरीजच्या घरून रिक्षा करून पाचूबंदरला गेले. पाय धरायचीच तयारी होती. तिने चहा दिला. ग्लोरियावर राग नाही, माझ्यावरही नाही. "मानसांनी मानूस म्हनून केलं," म्हणाली.

मग विचारलं, तुझं काम काय होतं ते.

तिचे वडील, रॉबर्ट तांडेल — होडी हाकणारा म्होरक्या तो तांडेल. खोल पाण्यातल्या मासळीच्या जागा त्यांना किनाऱ्यावरच्या खुणांवरून ठाऊक — प्रत्येक जागेला नाव. कित्येक वर्षांपूर्वी, ही ज्ञानकोशात अगदी नवी असताना, हॉस्पिटलात शेवटचे दिवस ते सांगत होते आणि ही मोबाइलवर थेट ज्ञानकोशात लिहीत होती. दुसरीकडे कुठेच उतरवलं नाही. तिकडे कायम राहतं, असं वाटलं तिला. पुढे संदर्भ नाही म्हणून कुणीतरी पान उडवलं. उडवलेलं पान प्रचालकाला दिसतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं.

"मला एकदा वाचायचंय फक्त. पोरं आता मशिनीवर बघून जातात. बाची नावं कोनाला येत नाहीत."

२६ जानेवारी, रविवार

जितेशला मेल करून हे सगळं कळवलं होतं. उत्तर आलं — एवढंच होतं? उडवलेलं पान कुणीही मागितलं तर आम्ही पाठवतो, त्यासाठी प्रचालक कशाला व्हायला हवं?

मला हे ठाऊक होतं. मी स्वतः कितीतरी जणांना पाठवलेली आहेत! तिने पहिल्याच दिवशी काम आहे म्हटलं, आणि मी ते लपवायचं कसं ते शिकवलं.

सोबत पान जोडलंय, जेमतेम तीन ओळींचं. पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिलं. इतिहासही पाहिला: त्या पानावर एकच बदल जतन झालेला. बाकी सगळं तिने लिहिलं, 'जतन'ऐवजी 'झलक' दाबून पाहिलं, दिसलं म्हणजे राहिलं असं समजली असणार. नवी माणसं हमखास करतात. नुसती झलक कुठेच साठत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. बाकीचं उरलंच नाही हे सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून होतं तेवढं नुसतं वाचलं: "वसईचे तांडेल खोल समुद्रातल्या जागा किनाऱ्यावरील खुणांवरून ओळखतात. चर्चचा मनोरा आणि किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आले की पहिली जागा. तिथून पुढच्या जागा अशा."

तिने डोळे मिटले होते. "हां," म्हणाली. "पुढं वाच."